मूठ वळते म्हणजे टेंडन शाबूत, असं नाही

डॉक्टर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा मुद्दा असा : मधल्या बोटावर काचेची छोटी जखम होती, रुग्णाने मूठ वळून दाखवली, टाके घालून घरी पाठवलं, मग एकेक टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तपासत बसायचं कशाला, शंका आलीच तर सोनोग्राफी आहे. ड्युटीवरची गर्दी मला मान्य आहे. मूठ वळली हा पुरावा मात्र मान्य नाही.

बोट वाकवणारे टेंडन दोन : मधल्या सांध्याचा सुपरफिशिअलिस आणि टोकापर्यंत जाणारा प्रोफंडस. सुपरफिशिअलिस पूर्ण तुटला तरी एकटा प्रोफंडस बोटाचे मधला आणि टोकाचा, दोन्ही सांधे वाकवतो. म्हणून बाकीची बोटं सरळ दाबून धरायची आणि जखमी बोट तेवढं वाकवायला सांगायचं. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या प्रोफंडसचा स्नायू बराचसा सामाईक. शेजारची बोटं धरली की तो अडकतो. तरीही मधला सांधा वाकला, तर ते काम सुपरफिशिअलिसचं. तर्जनीत ही चाचणी फसवते, कारण तिचा प्रोफंडस बराच स्वतंत्र चालतो. करंगळीत तर अनेकांचा सुपरफिशिअलिस मुळातच दुबळा किंवा अनामिकेच्या टेंडनशी जोडलेला असतो, तेव्हा दुसरा हात पाहिल्याशिवाय मत देऊ नये. प्रोफंडसचं सोपं आहे : मधलं पेर पक्कं धरा, टोक वाकतंय का बघा.

मला खरी धास्ती अर्धवट कापलेल्या टेंडनची वाटते. बोट पूर्ण वाकतं, रुग्ण खूश, आपणही निश्चिंत. आणि काही दिवसांनी जोर लावताना तो तुटतो. वाकवताना आपल्या बोटाने विरोध करून पाहा. जखमेच्या मानाने जास्त दुखलं किंवा जोर कमी पडला, तर जखम नीट उघडून बघायलाच हवी. तिथेही एक चकवा असतो. काच मुठीत धरलेली असताना कापलं, तर बोट सरळ केल्यावर टेंडनवरचा काप त्वचेच्या जखमेपेक्षा बोटाच्या टोकाकडे सरकलेला असतो. बोट सरळ ठेवून डोकावलं की शाबूत भाग दिसतो.

सोनोग्राफी मी नाकारत नाही. तुटलेलं टोक कुठवर मागे सरकलंय हे शोधायला ती कामाची आहे. पण रडणाऱ्या लहान मुलातसुद्धा मनगट हलकेच मागे वाकवलं की बोटं आपोआप आत वळतात; एखादं सरळच राहिलं, तर निदान तिथेच झालं.

तुमच्या त्या रुग्णाला उद्याच बोलावून घ्या. बाकीची बोटं धरून, विरोध करून पुन्हा तपासा, आणि बोटाच्या दोन्ही कडांची संवेदनाही बघा. भूल देण्याआधी ती पाहिल्याचा उल्लेख तुमच्या प्रतिक्रियेत नाही.