अर्ल वॉरन यांचं १९४२ सुद्धा सांगायला हवं होतं

अमेरिकेचे माजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटल्याचा निकाल एकमताने यावा म्हणून सरन्यायाधीश वॉरन यांनी सहकाऱ्यांची किती मनधरणी केली, हे छान मांडलंय. पण दुसऱ्या महायुद्धातलं, जपानशी लढाई सुरू असतानाचं १९४२ राहून गेलं. कॅलिफोर्नियाचे अ‍ॅटर्नी जनरल असताना जपानी वंशाच्या लोकांना किनारपट्टीवरून हलवा, असा आग्रह धरणाऱ्यांत ते पुढे होते. लाखाहून अधिक माणसं छावण्यांत डांबली गेली, त्यांतली बहुसंख्य अमेरिकेचीच नागरिक! पश्चात्ताप त्यांनी आत्मचरित्रात नोंदवला, पण ते पुस्तक आलं १९७७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. वॉरन यांनी हयात असतानाच त्या लोकांची जाहीर माफी मागायला हवी होती, असं मला फार वाटतं.