‘झॉम्बी’ हे भुताचं गाणं नाही

नागपुरातल्या कॉलेज गॅदरिंगच्या ग्रुपांवर फिरतंय, की क्रॅनबेरीज या आयरिश रॉक बँडचं ‘झॉम्बी’ हॉरर थीमला फिट बसतं. हे चूक आहे. २० मार्च १९९३ ला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या बाजारपेठेत आयआरए या ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेने कचरापेट्यांत ठेवलेले बॉम्ब फुटले. त्यात ३ आणि १२ वर्षांची दोन मुलं गेली. बँडची गायिका, आयर्लंडच्या डोलोरेस ओरिऑर्डनने त्या संतापातून हे गाणं लिहिलं, १९९४ मध्ये ते आलं. गाण्याच्या शब्दांतलं १९१६ म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्धचा डब्लिनचा ईस्टर उठाव. भुताचे मुखवटे लावून हे वाजवू नका, कृपा करून.

कॉर्ड्स ई मायनर, सी, जी आणि एफ शार्प बेसवरचा डी, प्रत्येकी एक बार (चार मात्रा). कडव्याला गिटार क्लीन ठेवा. तिथेही डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) चालू राहिलं तर शब्द बुडतात आणि ध्रुवपदाचा आघातच उरत नाही.