वहिनींची सायकल आणि इंजिनाचा चढ

"अगं, मागून कोणी हॉर्नच देत नाहीये. रस्ता चुकलो तर नाही ना आपण?"

हे माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, कावायाँच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर. दक्षिण फ्रान्समधलं प्रोव्हान्स, सप्टेंबरचा मधला आठवडा, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि उजव्या हाताला ल्युबरोंची लांबलचक डोंगररांग. वहिनींचं वय 58. कॉलेजला असताना सायकलवर जायच्या. लग्न झालं तशी सायकल माहेरच्या पडवीत राहिली आणि पुढे भंगारात गेली. त्यांचा मुलगा ल्यों शहरात नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो होतो. त्यानेच आम्हा दोघींना भाड्याच्या सायकलींवर बसवलं आणि स्वतः पुढे निघून गेला. (पोरं अशीच असतात.)

मी जाण्याआधी घाबरले होते. डोंगराळ भाग म्हटल्यावर डोळ्यासमोर आपला सापुताऱ्याचा घाट आला. पण या सायकलरस्त्याची गंमत अशी, की तो मुळात रस्ता नाहीच. कावायाँहून आप्त गावाकडे जाणारी जुनी रेल्वेलाइन होती. ती बंद पडली, रूळ काढले आणि त्या जागेवर डांबर टाकून सायकलींसाठी वाट केली. कालावों नदीच्या खोऱ्यातून ती 35-40 किलोमीटर जाते. तीच नदी खाली आली की कुलों होते, एका नदीला दोन नावं. स्पेनमधल्या कादिझपासून सायप्रसपर्यंत जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचा, युरोव्हेलो 8 चा, हा एक तुकडा.

आता रेल्वे म्हटलं की चढाचं गणित आलं. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. आपल्या कसारा घाटात 37 मीटरला 1 मीटर चढ आहे, तर तिथे आजही गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. म्हणून रेल्वे बांधणारे शक्यतो डोंगराला भिडत नाहीत, नदीचा हात धरून वळसा घालत जातात. ज्या वाटेवर इंजिनाला धाप लागत नव्हती तिथे वहिनींना कशी लागेल? आजूबाजूला सगळे डोंगर, माथ्यावर बोन्यूसारखी गावं कबुतरांच्या खुराड्यासारखी चिकटलेली, आणि आम्ही मात्र ओट्यावर पोळ्या लाटाव्यात तशा निवांत पॅडल मारतोय.

पोस्ट लिहायला बसले ती यासाठी. आपल्याकडे सायकल म्हणजे पराक्रम. माझंच शहर घ्या. नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघं डॉक्टर, 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत पूर्ण केली. छाती फुगावी अशीच गोष्ट आहे. पंढरपूरची सायकलवारी आहे, पहाटे घाट चढणारे ग्रुप आहेत, त्यांचे फोटो मीही लाइक करते. पण शहरात सायकल चालवायला तुम्हाला एक तर शूर असावं लागतं नाहीतर गरीब. शूर माणूस हौसेने जातो, गरीब माणूस नाइलाजाने. मधल्या सगळ्यांची सायकल गॅलरीत, तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला. सायकलसंस्कृती वाढलीय म्हणून आकडे सांगतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं: त्यात 58 वर्षांच्या, गुडघा दुखणाऱ्या, पंजाबी ड्रेसवर ओढणी घट्ट बांधून निघालेल्या बायका किती?

तिथे होत्या. मी बघतच होते. एक आजोबा पुढच्या टोपलीत पाव घेऊन चालले होते. एक बाई सायकलमागच्या गाडीत दोन पोरं झोपवून ओढत होती. तोंडं रंगवलेले, चकाकत्या कपड्यातले वीरही होते, पण तेच थोडे. ते घंटी वाजवून बाजूने जायचे आणि "बोंजूर" म्हणायचे. वहिनी "नमस्कार, नमस्कार" म्हणायच्या.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाच्या घरातली मी. त्यामुळे माझं अर्धं लक्ष बागांकडे. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाला मांडव, वेल डोक्यावर, घड खाली लोंबतात. इथे कित्येक बागांत वेलीला तारच नाही. गुडघ्या-मांडीएवढं जाडजूड खोड, वर चार-पाच फांद्या पसरलेल्या, उपड्या छत्रीसारखी. ग्रेनाश जातीची जुनी झाडं अशी ठेवतात. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा येतो, तो मांडव काय, माणूसही टिकू देत नाही, म्हणून वेल जमिनीलगत. छाटणीही वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आमच्यासारखी एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळ छाटणी, असा दोनदा जीव टांगणीला नाही. खुडा चालू होता. एका कडेला थांबून मी एक मणी तोंडात टाकला (हो, चोरून, द्राक्षवाल्याची मुलगी आहे, एका मण्याचा हक्क मानते). बारीक, जाड सालीचा, बियांचा, आणि गोड म्हणजे काकवीसारखा. थॉमसनच्या बिनबियांच्या द्राक्षांवर वाढलेल्या जिभेला आधी कळेना. वाइन सालीत असते म्हणतात ते तेव्हा कळलं.

वाइनबद्दल एवढंच, की चाखायला थांबलात तर थुंकायचं भांडं शरमेने टाळू नका. फ्रान्समध्ये रक्तातल्या दारूची लिटरला 0.5 ग्रॅमची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. मी दोन घोट रोजे, म्हणजे गुलाबी वाइन, घेतली. वहिनींनी द्राक्षाचा रस घेतला आणि "आपल्याकडचा गोड असतो" असा निकाल दिला.

आणि मग ज्युलियन पूल. त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. इसवी सनापूर्वी 3 सालाच्या आसपास रोमनांनी बांधलेला, तीन कमानींचा. इटलीतून स्पेनकडे जाणारा त्यांचा हमरस्ता याच्यावरून जायचा. कमानींच्या मधल्या खांबांना खिडक्यांसारखी भोकं ठेवलीत, पूर आला की पाणी तिथून निघून जावं म्हणून. सप्टेंबरात नदीत पाणी म्हणायला एक डबकं होतं. 2005 पर्यंत या पुलावरून मोटारी जात होत्या! मग शेजारी नवा पूल बांधला आणि म्हाताऱ्याला निवृत्त केलं. आता फक्त पायी आणि सायकलने. वहिनींनी सायकल कठड्याला टेकवली, चप्पल काढली आणि अनवाणी दगडावर उभ्या राहिल्या. देवळात राहतात तशा. मला हसू आलं, पण मीही काढली. दगड तापलेला होता आणि मधोमध झिजून गुळगुळीत झालेला.

मला तेव्हा खंडाळ्याचा अमृतांजन पूल आठवला. 1830 चा, एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये सुरुंग लावून पाडला. त्याचे खांब एक्सप्रेसवेवर आले होते, अपघात होत होते, पाडणाऱ्यांची अडचण खरी होती. तरी आठवला.

सगळं गोडगोड लिहिणार नाही. वरच्या गावांना, गेरूने लालभडक झालेल्या रुसियोंला किंवा बोन्यूला जायचं तर सायकलवाट सोडून मोटारींच्या रस्त्याने चढावं लागतं, आणि चढ चांगलाच आहे. आम्ही गेलो नाही. परतताना मिस्त्राल अंगावर आला तेव्हा सपाट वाटेवरही आम्ही उतरून सायकली ढकलल्या. भाड्याच्या सायकलचं सीट तर एका जागी टिकेना. दर दोन किलोमीटरला खाली बसायचं, मी दगडाने ठोकायची.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. हा सगळा भाग 1977 पासून नैसर्गिक उद्यान आहे आणि पुढे युनेस्कोचं जीवावरण क्षेत्रही झाला. तरी कुठे कुंपण नाही. माणसं राहतात, शेती करतात, बाजार भरवतात. आपल्याकडे राखीव क्षेत्र म्हटलं की एक तर गेट आणि तिकीट, नाहीतर शनिवारी गाड्यांची रांग.

कोणीतरी लिहीलच, की मग आपल्या बंद रेल्वेलाइनींवर करा ना असं. विदर्भातल्या बंद पडलेल्या शकुंतला गाडीचं नाव येईल. नको. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या लोकांना त्यांची गाडी परत हवी आहे. त्यांच्या हक्काच्या रुळांवर आम्ही हौशी लोकांनी सायकली घालू नयेत.

आपल्याकडे रेल्वेसारखाच चढ सोसत नाही असा दुसरा जीव आहे. पाणी. आमच्या निफाडकडे पाट आहेत, कालवे. पाणी उताराने संथ वाहावं म्हणून पाट डोंगराला वळसे घालत जातो, अगदी त्या रेल्वेसारखा. त्याच्या कडेला देखभालीचा कच्चा रस्ता असतोच. सावलीला बाभळी, बाजूला द्राक्षबागा. आणि त्याच तालुक्यात नांदूर मधमेश्वर, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं पक्षी अभयारण्य. डोंगर, द्राक्षं, पाखरं सगळं घरात आहे. नवी जमीन घ्यायला नको. मुरूम दाबून टाका, चार ठिकाणी मोटारी आडव्या येऊ नयेत म्हणून खांब लावा, ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला मात्र जाऊ द्या, रस्ता आधी त्याचा आहे. मी हे एका साहेबांना बोलून पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, पाटाच्या कडेला कोण सायकल चालवणार?"

गेल्या रविवारी आम्ही दोघी गेलो. वहिनींनी परत आल्यावर सायकल घेतलीय, गिअर नसलेली, पुढे टोपली असलेली. पाटाला आवर्तन सुटलं होतं, पाणी काठोकाठ. तीन किलोमीटर गेलो. पुढे कोणीतरी रस्त्यावरच खताचा ढीग टाकला होता, तिथून मागे फिरलो. वहिनींच्या टोपलीत मेथीची जुडी होती, कुठे घेतली मला अजून कळलेलं नाही.