गोठ्यात रिपीटर लावून नेट येत नाही, दाजी

भावकीच्या ग्रुपवर एकच मेसेज तीनदा आला, शेवटच्या वेळी आमच्या दाजींकडून. मजकूर थोडक्यात असा : 'घरापासून लांबच्या गोठ्यात, शेडात, शेतातल्या खोलीत वायफाय पाहिजे? चर खणू नका, केबल ओढू नका. रिपीटर घ्या आणि गोठ्यातल्या बोर्डाला लावा. राउटरला मोठे अँटेना बसवा, मागं फॉइल लावा. तरी नाही आलं तर लाइटच्या वायरीतूनच नेट न्या.' दाजींनी वर लिहिलेलं, 'तुझं गोठ्याचं काम झालं बघ.'

दाजी, यातल्या जवळजवळ प्रत्येक वाटेनं मी जाऊन आलोय. राउटर आमच्या माजघरात. गोठा परड्याच्या टोकाला, टेप धरून ७० मीटर. मधे जुन्या घराची जाडजूड भिंत, पुढं शेवगा, आणि गोठ्याला तिन्ही बाजूंनी पत्रा. गाय व्यायला झाली की रात्रीत चार वेळा बॅटरी घेऊन फेऱ्या मारायला नकोत, मोबाइलवर कॅमेरा बघता यावा, एवढीच गरज.

पहिला रिपीटर. तो स्वतःचं नेट तयार करत नाही, ऐकलेलं पुन्हा बोलतो. गोठ्यात जिथं फोनलाच काही ऐकू येत नाही, तिथं रिपीटरला काय येणार? तो हवा मधल्या वाटेवर, जिथं घरातलं वायफाय अजून बरं मिळतं. आमच्याकडं तिथं शेवगा आहे, बोर्ड नाही. समजा वायर ओढून तिथं लावला, तरी एकाच रेडिओचा साधा रिपीटर ऐकायला आणि बोलायला तोच चॅनल वापरतो, त्यामुळं वेग साधारण निम्म्यावर येतो. वर फोन फसवतो तो वेगळाच : गोठ्यात सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, कारण त्या फोन ते रिपीटर या अंतराच्या असतात. रिपीटर ते घर हा दुवा किती अशक्त आहे, ते कुठंच दिसत नाही.

पत्र्याचं तर मेसेजात नावच नाही. रेडिओलहरी पत्र्यातून आरपार जात नाहीत, आदळून परत फिरतात. आमच्या गोठ्याच्या दारात उभं राहून व्हिडिओ रखडत का होईना चालायचा, दोन पावलं आत गव्हाणीजवळ गेलं की नुसतं चक्र फिरत राहायचं. अंतर तेवढंच, फरक पत्र्याचा.

मोठ्या अँटेनाचं गणित भाकरीसारखं आहे. पिठाचा गोळा तेवढाच, जास्त थापला की भाकरी रुंद होते पण पातळ होते. उभा लांब अँटेना सिग्नल आडवा जास्त पसरवतो आणि वरच्या माडीवरचा कमी करतो. मोकळ्या रानात त्याचा उपयोग आहे, भिंत आणि पत्रा मधे असताना फारसा नाही. शिवाय घरगुती राउटरचे अँटेना बऱ्याचदा निघतच नाहीत.

फॉइलला मात्र मी हसणार नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये खोलीच्या मापानं आकार ठरवून, धातूचा थर दिलेले परावर्तक राउटरमागं लावून दाखवले होते. सिग्नल हवा तिकडं वळतो, नको तिकडं अडतो. घरात हे चालतं. पण वळवलेला सिग्नल म्हणजे वाढवलेली ताकद नव्हे. मी फॉइल लावलं तेव्हा गोठ्यात काही फरक पडला नाही, स्वयंपाकघरात आईची मालिका तेवढी अडकायला लागली.

लाइटच्या वायरीतून नेट नेणारी जोडी मिळते, आणि दोन्ही टोकं एकाच मीटरवर, एकाच फेजवर असतील तर चालतेही. आमचा गोठा शेतीपंपाच्या मीटरवर आहे. विषय संपला.

आता 'केबल ओढू नका'. तांब्याच्या केबलपुरतं हे चुकून बरोबर आहे. मी आधी तीच टाकली होती. एका सलग तुकड्याला १०० मीटरची मर्यादा, आमचं अंतर ७०, त्यामुळं आठ महिने झकास चाललं. मग मे महिन्यात वळीव आला. वीज आमच्यावर पडली नाही, कुठंतरी ओढ्याकडं पडली. सकाळी राउटरचं पोर्ट, गोठ्यातला नेटचा स्विच (एका केबलीतून अनेक जोडणारा डबा) आणि कॅमेरा, तिन्ही गेलेले. दोन वेगळ्या अर्थिंगच्या इमारती लांब तांब्यानं जोडल्या की असा झटका त्या वाटेनं आत येतो.

म्हणून फायबर. काचेतून वीज वाहत नाही. एक ड्रॉप केबल, म्हणजे घरापर्यंत आणतात ती बारीक फायबर, आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधला प्रकाश आणि साध्या नेटच्या वायरीतला सिग्नल यांची अदलाबदल करणाऱ्या डब्या. गावात इंटरनेट देणाऱ्या पोराकडं सांधायचं मशीन असतंच, त्यानं चहा होईपर्यंत दोन्ही टोकं जोडली. फायबर घेताना एवढं बघायचं की आत आधाराला पोलादी तार नको, नाहीतर वीज त्या तारेनं येईल, बिनधातूची मिळते. चर दीड फूट, त्यात पाण्याचा काळा पाइप आणि पाइपातून फायबर, कारण आमच्या परड्यात घुशी आहेत. पाइपात एक नायलॉनची दोरी जादा सोडून ठेवली, पुढं काही ओढायचं झालं तर. गोठ्यात पत्र्याच्या आत जुनाच राउटर लावला. त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोन-कॅमेऱ्यांना नेटवरचे पत्ते वाटायचं काम, बंद केलं, कारण ते घरचा राउटर करतोच; वायर लॅन पोर्टात घातली, वायफायचं नाव आणि पासवर्ड घरचाच ठेवला. घरचा चॅनल १, गोठ्याचा ६, म्हणजे दोघं एकमेकांच्या बोलण्यात येत नाहीत.

मधे रस्ता किंवा दुसऱ्याचं रान असेल आणि चर खणताच येत नसेल, तर समोरासमोर तोंड केलेली बाहेरच्या अँटेनांची जोडी उत्तम. ती किलोमीटरभरही सहज जाते. अट एकच, दोघांनी एकमेकांना बघायला हवं. नुसतं दिसूनही भागत नाही : १०० मीटरला, ५ गिगाहर्ट्झवर, रेषेच्या मध्यावर चहूबाजूंनी मीटरभर तरी मोकळं लागतं. शेजारच्या आप्पांनी ही जोडी जानेवारीत बसवली तेव्हा मधला ऊस गुडघ्याएवढा होता. श्रावणात तो डोक्यावर गेला आणि आप्पांचं नेट बंद. तोड झाली तेव्हा आपोआप चालू झालं. आता त्यांनी खांब उंच केलाय.

राहता राहिली लाइट. दोन्ही टोकांना छोटे डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेली की राउटर चालवणारे बॅटरीचे डबे, लावलेत, तीनेक तास निघतात. गेल्या महिन्यात गाय पहाटे व्याली, ती अंथरुणातून बघितली. कॅमेऱ्यापुढं कोळी जाळं विणतो आणि रात्री सगळा पडदा पांढरा होतो, त्याला मात्र केरसुणी घेऊन गोठ्यात जावंच लागतं.