अभिनंदन! तुमची निवड झाली आहे, आता कार्ड काढा

गेल्या मंगळवारी रात्री २ वाजून ४८ मिनिटांनी माझी नवी नोकरी सुरू झाली. उशीखालचा फोन थरथरला. बघितलं तर क्रेडिट कार्डावर कुठेतरी किरकोळ रक्कम कापल्याचा मेसेज. इतकी किरकोळ, की मी कूस बदलली आणि झोपले. दहा मिनिटांनी दुसरा. मग तिसरा, चौथा. सहाव्या मेसेजला मी अंथरुणात ताठ बसले होते आणि माझं कार्ड, माझ्याशिवाय, कुठल्याशा परदेशी दुकानांत मनसोक्त हिंडत होतं.

हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ज्यांना हवं असेल त्यांच्यासाठी माझा अनुभव फुकट देते आहे. या प्रकरणातली ही एकमेव फुकट गोष्ट. बाकी जिथे जिथे 'फ्री' लिहिलं होतं त्याचं बिल आलेलं आहे.

तयारी म्हणून आधी सात-आठ महिने नोकरी शोधा. ही पायरी गाळलीत तर पुढचं काहीच जमणार नाही, कारण ज्याच्या हाताला काम आहे तो माणूस फार प्रश्न विचारतो. रोज सकाळी उठून रिझ्युमे अपलोड करावा, मग त्याच रिझ्युमेतली सगळी माहिती त्याच पानावर बावीस रकान्यांत पुन्हा हाताने भरावी. तीन फेऱ्या द्याव्यात. 'छोटीशी असाइनमेंट' म्हणून चार दिवसांचं काम करून द्यावं, आणि मग 'आम्ही कळवतो' या दोन शब्दांवर महिना काढावा. कळवत कोणीच नाही. नकारसुद्धा नाही. असं करता करता तुमची अवस्था अशी होते की कोणी नीट नाव घेऊन हाक मारली तरी गळा दाटून येतो. झालं, तुम्ही तयार आहात.

जिथे अर्जच केला नव्हता तिथून निवडीचा मेल आला तर बुचकळ्यात पडू नका. कीर्ती पसरली असेल.

मुलाखत चॅटवर द्यावी. कॅमेरा नको, आवाज नको, इस्त्रीचे कपडे नकोत. माझी १४ मिनिटांत आटोपली. एचआर मॅडमनी माझी बलस्थानं विचारली, मी सवयीने मोठा परिच्छेद लिहायला घेतला, आणि मी 'पाठवा' दाबायच्या आतच त्यांचं 'एक्सलंट आन्सर!' येऊन पडलं. आता तुम्ही म्हणाल, इथेच कळायला हवं होतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, माणसं ओळखायची नजर लागते ती ही.

मेलचा पत्ता वाचताना अ‍ॅटच्या चिन्हाच्या अलीकडेच थांबायचं. पलीकडे बघणं हा उद्धटपणा आहे. माझ्या मेलमध्ये पलीकडे एका नावाजलेल्या कंपनीचं नाव होतं, पुढे एक आडवी रेघ आणि मग 'करिअर्स'. ही रेघवाली जागा कंपनीचीच असेल असं नाही. कोणीही उठून काही मिनिटांत असं नाव विकत घेऊ शकतो. ऑफर लेटरवरचा लोगो जरा ओढून लांब केलेला होता, माझं आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. पगाराचा आकडा मात्र तिन्ही ठिकाणी अचूक आणि ठळक. ज्या गोष्टीकडे मी बघणार होते ती त्यांनी नीट केली होती.

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की निर्धास्त व्हा. त्या कुलपाचा अर्थ इतकाच, की तुम्ही टाइप केलेलं वाटेत कोणी वाचू शकत नाही. थेट चोराच्याच हातात पडतं, सुरक्षितपणे.

आता मुख्य विधी. पार्श्वभूमी पडताळणी.

कुठलीही मोठी कंपनी रुजू करून घेण्याआधी उमेदवाराची माहिती तपासते, हे खरंच आहे, म्हणून तर हा सापळा चालतो. फरक एवढाच, की खरी कंपनी त्या तपासणीचे पैसे स्वतः भरते. माझ्या मॅडम म्हणाल्या, तुमचा क्रेडिट रिपोर्ट लागेल, ही लिंक घ्या, नाममात्र शुल्क आहे, पहिल्या पगारात परत मिळेल. पानावर गेले. कार्डाचे १६ आकडे टाइप केले, आणि काय सांगू, रकान्यापुढे टपकन हिरवी बरोबरची खूण उमटली! मला कोण आधार वाटला. वाटलं, बँकेशी बोलणं झालेलं दिसतंय. बँकेशी कसलं डोंबलाचं बोलणं! ते नुसतं पाढ्यांचं गणित असतं. उजवीकडून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, दोन अंकी आला तर त्याचे अंक मिळवायचे, सगळ्याची बेरीज करायची, तिला दहाने पूर्ण भाग गेला की नंबर 'बरोबर'. हान्स पीटर लून नावाच्या आयबीएममधल्या माणसाने ही युक्ती काढली, १९६० साली तिचं पेटंट मिळालं, आणि तिचा हेतू एवढाच की टाइप करताना आकडा चुकला तर कळावा. म्हणजे ती हिरवी खूण चोराला सांगत होती की बाईने नंबर नीट टाइप केलाय, पुढे जायला हरकत नाही. मी तिकडे बघून सुस्कारा सोडत होते.

मग मागचे तीन आकडे. हे तीन आकडे इतके नाजूक, की कार्डाने पैसे घेणाऱ्या अधिकृत दुकानदारालाही व्यवहार मंजूर झाल्यावर ते साठवून ठेवायची मनाई आहे. आमच्या मॅडमना ते फाइलला लावायचे होते. 'कार्डाच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो पाठवावा, फ्लॅशमुळे चमक येऊ देऊ नये.' मी खिडकीशी जाऊन उजेडात काढला हो! पहिला फोटो जरा हलला म्हणून दुसरा काढला. रिझ्युमेवर 'बारकाव्यांकडे लक्ष' असं लिहिलंय ना मी, ते खोटं ठरायला नको.

त्याच पानाच्या तळाशी फिकट करड्या रंगात एक ओळ होती आणि तिच्यामागे एक चौकोन, आधीच खूण केलेला. सात दिवस चाचणी, त्यानंतर दरमहा सभासदत्व, रद्द करेपर्यंत. रद्द कुठे करायचं? त्याचं पान 'लवकरच येत आहे'. ओटीपी आला तेव्हा मॅडम फोनवर होत्या. बिचाऱ्या किती घाईत! 'लिंक दोन मिनिटांत बंद होईल, पटकन सांगा, तुमच्यामागे अजून तिघे आहेत.' ओटीपीच्या मेसेजमध्ये आकड्यांशिवाय आणखीही काही लिहिलेलं असतं, दुकानाचं नाव, रक्कम. कोण वाचतं? सात महिन्यांनी लागलेली नोकरी दोन मिनिटांत बंद होणार असताना कोण वाचतं?

तुम्ही मात्र वाचत बसू नका. ओटीपी सांगा आणि मोकळे व्हा.

शिवाय ओटीपी दिला नाही तरी निराश व्हायचं कारण नाही. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर कार्ड चालवणारी दुकानं जगात भरपूर आहेत. माझं कार्ड मंगळवारी रात्री तिकडेच गेलं होतं.

हा प्रकार काही आजचा नव्हे. मोठं घबाड दाखवायचं आणि ते मिळण्यासाठी आधी थोडे पैसे मागायचे, हे १९व्या शतकात पत्रांतून चालायचं. स्पेनच्या तुरुंगात कोणी श्रीमंत कैदी अडकलाय, त्याला सोडवायला खर्च पाठवा, मग संपत्तीत वाटा. आता कैदी गेला आणि त्याच्या जागी वर्क फ्रॉम होम आलं. तेव्हाच्या माणसाला निदान दुसऱ्याला सोडवायचं होतं.

पहिली किरकोळ रक्कम कापली गेली की झोपून जा. ती चाचणी असते: कार्ड जिवंत आहे का, मालकीण जागी आहे का. दोन्ही उत्तरं मिळाली की खरी खरेदी सुरू होते.

जाग आलीच तर बँकेला फोन करा. वीस मिनिटं संगीत ऐका. तुमचा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे दर चाळीस सेकंदांनी ऐका. मग मुलगा येतो, आणि पहिला प्रश्न: 'मॅडम, माहिती तुम्ही स्वतः दिली होती का?' हो म्हटलं की त्याचा आवाज बदलतो. माझ्या कानांना तो बदल ऐकू आला. तोवर मी ग्राहक होते, आता प्रकरण झाले. 'मग मॅडम, तो व्यवहार तुमच्या संमतीने झालेला दिसतो.' एक व्यवहार, पडताळणीचा, तो माझ्या बोटांनी झाला, कबूल. पण मध्यरात्रीनंतरचे सहा? ते कुणाच्या संमतीने? तर म्हणे, तेच कार्ड आहे ना.

आणि नवीन कार्ड आलं की संपलं, असं जरूर समजा. मीही समजले होते. कार्ड कंपन्यांची एक सोय असते, ग्राहकाच्या भल्यासाठी. कार्ड बदललं तर तुमची चालू सभासदत्वं अडू नयेत म्हणून नवा नंबर जुन्या दुकानदाराला आपोआप कळवला जाऊ शकतो. मला कोणी सांगितलं नव्हतं. ब्लॉक करून, नवं मागवून, पाकीट फोडून अजून सहीसुद्धा केली नव्हती, आणि काल त्या 'रद्द करेपर्यंत'वाल्याची दरमहा रक्कम नव्या कार्डावर! पुन्हा फोन, पुन्हा संगीत. तेव्हा कुठे कळलं की कार्ड बंद करणं वेगळं आणि ती आवर्ती, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायची, परवानगी बंद करणं वेगळं, दोन्ही वेगवेगळं मागावं लागतं, लेखी. ही सोय मला नोकरी देणाऱ्यांनी केली असती तर! सात महिने मी पत्ता, फोन, मेल, सगळं देऊन बसले आहे. तिकडे आपोआप काहीच कुणाला कळत नाही.

नातेवाइकांना सांगा. अवश्य सांगा. 'एवढी शिकलेली तू!' हे वाक्य तुम्हाला कमीत कमी पाच तोंडांतून ऐकायला मिळेल. माझ्या दिरांनी त्यात 'मला तर असले मेल रोज येतात, मी बघतही नाही' अशी भर घातली. भाऊजी, तुम्हाला बावीस वर्षं एकच नोकरी आहे. तुम्ही कशाला बघाल?

पुरे झालं. आता सरळच बोलते.

चोर चोरी करणारच, त्याला काय शिव्या द्यायच्या. पण बँकवाले हो, 'संमती' हा शब्द जरा जपून वापरा. फसवून घेतलेल्या आकड्यांवर मध्यरात्री तीन देशांत सहा खरेद्या होतात आणि तुमच्या यंत्रणेला त्यात काही वावगं दिसत नाही. मी स्वतः वर्षातून एकदा जरा मोठी खरेदी केली की मात्र तुम्ही कार्ड अडवून मला काउंटरवर सगळ्यांसमोर उभं करता. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच तक्रारींना १२० दिवसांपर्यंतची मुदत असते, दुकानदाराकडून पैसे परत ओढायची वाट असते, हे मला तुमच्या माणसाने सांगितलं नाही. मी शोधून काढलं, पहाटे पाच वाजता. तुमचा माणूस मला फॉर्मवर 'फसवणूक' ऐवजी 'वाद' या रकान्यात खूण करायला सांगत होता. वाद? माझा कुणाशी वाद झालाय?

आणि खऱ्या कंपन्यांतले खरे एचआर, तुम्ही तर बोलूच नका. त्या भामट्या बाईने माझ्या प्रत्येक मेलला तासाभरात उत्तर दिलं. माझं आडनाव चुकवलं, पण उत्तर दिलं. तुम्ही तीन फेऱ्या घेतल्यात, माझं चार दिवसांचं काम ठेवून घेतलंत, आणि एका ओळीचा नकार पाठवायला तुमची बोटं झिजतात. तुम्हीच आम्हाला शिकवलंत की विचारायचं नाही, मागाल ते कागद मुकाट्याने द्यायचे, उशीर झाला की संधी गेली. तिला फक्त पुढचा कागद मागायचा होता.

राहिलं ते नोकऱ्यांचं संकेतस्थळ, जिथून माझा नंबर तिला मिळाला. त्यांना मी तक्रार केली, स्क्रीनशॉट जोडले, चॅट जोडलं, ऑफर लेटर जोडलं. उत्तर आलं: सावध राहण्याच्या दहा टिपा. त्यातली चौथी, 'आमच्या संकेतस्थळावरच्या पडताळलेल्या जाहिरातींवरच विश्वास ठेवा'. अहो, ती जाहिरात पडताळलेलीच आहे! आज सकाळी पुन्हा पाहिली. तोच ओढलेला लोगो, तोच पगार, शेजारी तुमचाच निळा शिक्का, आणि खाली लिहिलंय की आतापर्यंत ३१२ जणांनी अर्ज केलेत. काल २८७ होते. त्या मधल्या पंचवीस जणांना मी कुठे शोधू? आधी ती जाहिरात काढा. दहा टिपा मग पाठवा.