‘स्लॉट एकच, म्हणजे कोणतेही ग्राफिक्स कार्ड चालते’: जुन्या डेस्कटॉपबाबतच्या या सल्ल्यात चुकते कुठे?

ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप स्वस्तात घ्या, मिळेल ते ग्राफिक्स कार्ड लावा, झाला गेमिंग पीसी तयार. हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि व्हिडिओंमध्ये सतत फिरत असतो. त्यातली विधाने साधारण अशी असतात: पीसीआय एक्सप्रेस स्लॉट सगळीकडे सारखाच असतो, वेगळी पॉवर केबल न लागणारे कार्ड कुठेही चालते, केबल लागलीच तर कनव्हर्टर मिळतो, आणि नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्येही तेवढेच काम देते. प्रत्येक विधानात थोडे खरे आहे, म्हणूनच ते पटते. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन रिफर्बिश्ड मशीन घेणाऱ्या विद्यार्थ्याचे पैसे नेमके उरलेल्या खोट्या भागात अडकतात. त्यामुळे एकेक विधान तपासायला हवे.

उदाहरणासाठी सहज मिळणारी तीन मशीन घेऊ: डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०१० आणि ९०२०, आणि एचपीचे एलिटडेस्क ८०० जी१. पहिल्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो, इतर दोन्हींत चौथ्या. इथे एक सावधगिरी हवी. ‘७०१०’ हे नाव डेलने २०२३ मध्ये नव्या मशीनला पुन्हा दिले आहे. मॅन्युअल शोधताना आपल्या हाती जुन्याचेच आले आहे ना, ते सर्व्हिस टॅगवरून, म्हणजे मशीनवर लिहिलेल्या डेलच्या क्रमांकावरून, बघा.

‘स्लॉट सारखा, म्हणजे कार्ड बसणारच’

स्लॉट सारखा असतो हे खरे. पण कार्ड नुसत्या स्लॉटमध्ये बसत नाही, कॅबिनेटमध्येही बसावे लागते. वरची तिन्ही मशीन टॉवर आणि स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे एसएफएफ, अशा दोन्ही आकारांत मिळतात आणि विक्रेते फोटोखाली अनेकदा फक्त मॉडेल नंबर लिहितात. एसएफएफमध्ये लो प्रोफाइल कार्डच लागते. साध्या कार्डाची मागची लोखंडी पट्टी सुमारे १२० मिलिमीटर उंच असते, लो प्रोफाइलची सुमारे ८०. ‘पट्टी बदलली की झाले’ असेही सांगितले जाते, पण पट्टीमागचा सर्किट बोर्डच पूर्ण उंचीच्या कार्डात सुमारे १११ मिलिमीटरचा असतो आणि लो प्रोफाइलमध्ये सुमारे ६९. बोर्ड उंच असेल तर पट्टी कितीही बदला, झाकण लागणार नाही.

मग जाडी. दोन स्लॉटमधले अंतर २०.३२ मिलिमीटर असते. जाड कूलरचे कार्ड पंख्याच्या बाजूचा शेजारचा स्लॉटही व्यापते. काही एसएफएफ मशीनमध्ये मुख्य स्लॉटच्या त्या बाजूला लगेच एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची, भिंत येते, तिथे सिंगल स्लॉट कार्डाशिवाय इलाज नाही. हे महत्त्वाचे अशासाठी, की जीटीएक्स १६५० ची लो प्रोफाइल कार्डे सहसा दोन स्लॉट जाडीची असतात, तर जीटी १०३०, आरएक्स ६४०० आणि टी १००० ही सिंगल स्लॉट लो प्रोफाइलमध्ये मिळतात.

लांबी मोजताना मागच्या पट्टीच्या आतल्या कडेपासून पुढे पहिला अडथळा येईपर्यंत मोजा. हा अडथळा बहुधा हार्डडिस्कचा पिंजरा असतो, पण कधी कधी हार्डडिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा उभा प्लगही असतो. प्लगच आड येत असेल तर एल आकाराची साटा केबल लावून काम भागते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कार्डाच्या वेबपानावरची लांबी, उंची, जाडी घेऊन जाड पुठ्ठ्याचा खोका कापायचा, तो स्लॉटवर धरायचा आणि झाकण लावून बघायचे. दहा मिनिटांचे काम आहे, पण ते परतीच्या कुरिअरची पाळी टाळते.

आणि लांब दिसणारा प्रत्येक स्लॉट सोळा लेनचा (लेन म्हणजे माहितीची ये-जा होणारा मार्ग) नसतो. ऑप्टिप्लेक्स ७०१० आणि ९०२० च्या टॉवरमध्ये दुसरा लांब स्लॉट आहे, पण त्याला जोडलेल्या लेन चारच आहेत. कार्ड तिथेही बसते, डिस्प्लेही येतो, फक्त वेग घटतो आणि कारण महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

‘वेगळी केबल लागत नाही, म्हणजे पॉवरची काळजी नाही’

ग्राफिक्स कार्डाला सोळा लेनच्या स्लॉटमधून मानकानुसार जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यातले सुमारे ६६ वॉट १२ व्होल्टवर म्हणजे ५.५ अँपिअरने येतात, बाकीचे ३.३ व्होल्टवर. मशीन सुरू होताना मर्यादा २५ वॉटचीच असते, पुढची मंजुरी नंतर मिळते. काही कंपन्या लहान कॅबिनेटच्या मॉडेलांना ७५ वॉटपेक्षा कमी मर्यादा घालतात. ती मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या माहितीत लिहिलेली असते. तिथला आकडा कार्डाच्या वॉटपेक्षा कमी असेल तर ते कार्ड घेऊ नका, कारण ओझे मदरबोर्डच्या तांब्याच्या रेषांवर पडते. ही भीती कागदी नाही. २०१६ मध्ये एएमडीचे आरएक्स ४८० स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत असल्याचे चाचण्यांत दिसले आणि कंपनीला ड्रायव्हर बदलून ते सुधारावे लागले.

आता एसएमपीएस. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. जीटीएक्स १०५० टीआयला एनव्हीडिया ३०० वॉटचा एसएमपीएस सुचवते. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या एसएफएफमध्ये तो २५५ वॉटचा असतो, टॉवरमध्ये २९० चा. आकडा कमी दिसतो म्हणून अनेक जण बेत सोडतात, पण हिशेब करून बघा. आय५-४५७० प्रोसेसर ८४ वॉट, कार्ड ७५ वॉट, मदरबोर्ड, रॅम, एक एसएसडी, एक हार्डडिस्क आणि पंखे मिळून ३० ते ४० वॉट. बेरीज दोनशेच्या आत राहते, म्हणजे एसएमपीएस चांगल्या अवस्थेत असेल तर पुरतो. ७०१० च्या एसएफएफमधल्या २४० वॉटमध्येही हे बसते, फक्त मोकळीक कमी उरते.

उलट असेंबल केलेल्या जुन्या मशीनमध्ये ‘४५० वॉट’ लिहिलेला स्वस्त एसएमपीएस असतो आणि त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला जातो. मोठ्या आकड्याकडे न बघता लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा. तिथे १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. १२ व्होल्टच्या दोन ओळी असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका, खाली दिलेली एकत्रित मर्यादा धरा.

‘मग एसएमपीएसच बदला’ हा पुढचा सल्ला ७०१० च्या टॉवरपुरता ठीक आहे, कारण त्याला नेहमीचा २४ पिनचा प्लग लागतो. ९०२० मध्ये मदरबोर्डला डेलचा स्वतःचा ८ पिनचा प्लग आहे. एलिटडेस्क ८०० जी१ मध्येही कंपनीचाच वेगळा प्लग आहे. बाजारातला एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या मापाचा, एसएमपीएस तिथे थेट लागत नाही, त्या मॉडेलसाठीच बनवलेली अ‍ॅडॉप्टर केबल घ्यावी लागते. एसएफएफ कॅबिनेटमध्ये तर एटीएक्स आकाराचा डबाच मावत नाही.

‘सहा पिन नसेल तर साटाचा कनव्हर्टर लावा’

या सगळ्या सल्ल्यातला सर्वांत धोक्याचा भाग हाच. साटा पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन असतात आणि प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर. म्हणजे एकूण ४.५ अँपिअर, ५४ वॉट. कार्डाच्या वेगळ्या पॉवर केबलच्या सहा पिनच्या प्लगमधून कार्ड ७५ वॉटपर्यंत ओढू शकते, आठ पिनमधून १५० पर्यंत. एका साटा प्लगवरून सहा पिन काढली तर त्या बारीक पिना तापतात आणि प्लगचे प्लास्टिक वितळते. हे पहिल्या दिवशी होईलच असे नाही. उन्हाळ्यात दोन तास गेम चालल्यावर होते, आणि तेव्हा जळका वास येईपर्यंत कुणाचे लक्ष नसते. एसएफएफ मशीनमध्ये अनेकदा साटाची वीज मदरबोर्डमधूनच येते, म्हणजे नुकसान तिथवर जाते. दोन मोलेक्स (जुन्या, मोठ्या चार पिनच्या) प्लगांवरून सहा पिन काढणे तुलनेने बरे, तेही एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या हिशेबात बसत असेल तरच. साटावरून आठ पिन काढणारी केबल हातातही घेऊ नका. ज्या मशीनला सहा पिन नाही त्यात सहा पिनचे कार्ड न घेणे हाच बरोबर निर्णय आहे, आणि जीटीएक्स १६५० घेताना ही खात्री आवर्जून करा, कारण त्या नावाची सहा पिनवाली आणि बिनपिनवाली अशी दोन्ही कार्डे बाजारात आहेत.

‘नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये तेवढेच पळते’

चालते, हे खरे. ‘तेवढेच’ हे कार्डाच्या लेनवर ठरते. जीटीएक्स १६५० सोळा लेन वापरते. चौथ्या पिढीच्या इंटेलवर तिला सेकंदाला सुमारे १६ जीबीचा रस्ता मिळतो, काही अडचण नाही. आरएक्स ६४०० मात्र चारच लेनचे आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या ४.० आवृत्तीवर त्याला सुमारे ८ जीबी मिळतात, ३.० वर ४ आणि २.० वर २. शिवाय कार्डावरची मेमरी ४ जीबीच. ती भरली की गेमचे टेक्स्चर रॅममधून याच अरुंद रस्त्याने येतात आणि चित्र अडखळते. इंटेलचे दुसऱ्या पिढीचे प्रोसेसर, म्हणजे ऑप्टिप्लेक्स ७९० आणि ९९० मधले, २.० वरच थांबतात. अशा मशीनला आरएक्स ६४०० सुचवणे चूक आहे. या कार्डात व्हिडिओ एन्कोडरही नाही, त्यामुळे गेम रेकॉर्ड करायचा तर भार आधीच थकलेल्या प्रोसेसरवर येतो.

इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय लागते आणि ती नसली तर वेग फार घसरतो. या पिढीच्या मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, ती नसते. तेव्हा आर्क ए३८० कितीही आकर्षक किमतीला मिळाले तरी इथे नको.

‘लावले की डिस्प्ले येतो’

आधी बायोस अद्ययावत करा, तेही कार्ड लावण्यापूर्वी, मदरबोर्डच्या पोर्टवर मॉनिटर असताना. मग ऑपरेटिंग सिस्टिम बघा. जीटीएक्स १६५० ला ३२ बिट विंडोजसाठी ड्रायव्हरच नाही. जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटी १०३० या पास्कल पिढीच्या कार्डांचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. आज पैसे घालताना हे माहीत हवे.

घराघरात अजून व्हीजीए मॉनिटर आहेत. जीटीएक्स १० मालिकेपासून एनव्हीडियाने चिपमधून अ‍ॅनालॉग आउटपुट काढून टाकले. त्यामुळे डीव्हीआयला लावायचा साधा व्हीजीए जोड इथे चालतच नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए देणारा, आत चिप असलेला कनव्हर्टर घ्या. यातूनच एक ओळखही मिळते: ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून विकायला ठेवलेल्या कार्डावर व्हीजीए पोर्ट दिसला तर संशय घ्या. जीटीएस ४५० सारख्या जुन्या चिपचा बायोस बदलून अशी कार्डे विकली गेली आहेत.

कार्ड लावल्यावर परतीची मुदत संपायच्या आत जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडा. चिप बनावट असेल तर ते बहुतेक वेळा नावापुढेच तसे दाखवते. बस इंटरफेसच्या ओळीत कार्ड निवांत असताना १.१ दिसेल, तो वीज वाचवण्याचा भाग आहे, बिघाड नव्हे. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालू करा आणि मग वाचा. चौथ्या पिढीच्या इंटेलवर जीटीएक्स १६५० ने १६ लेन आणि ३.० दाखवायला हवे. ४ लेन दिसल्या तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे. ८ किंवा १ दिसली तर मशीन बंद करून प्लग काढा, कार्डाचे सोनेरी दात कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि मागची पट्टी न वाकवता ते पुन्हा सरळ, कुलूप ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा.