अहो, आधी त्याला चालू तर द्या!

अकलूजच्या घोडेबाजारात दरवेळी तोच तमाशा. घोडेस्वारीच्या खेळासाठी तीनेक वर्षांचं शिंगरू बघायला जावं, तर मालक आधी काय करतो? लगाम खेचून मान वर आणि नाचवायला सुरुवात. भोवती मोबाईल उंचावलेले. "काय पाय उचलतंय बघा!" अहो, ते ताणानं उचलतंय! पाठ फळीसारखी ताठ, मागचे पाय तर मागंच राहिलेत.

"दादा, लगाम सैल सोडून नुसतं चालवा की" म्हटलं की तोंड वाकडं. साध्या चालीत टापांचे चार ठोके सुटे ऐकू यायला हवेत, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढं पडायला हवा. दुडकी शिकवून बरीच सुधारते. साधी चाल आणि कँटर, म्हणजे संथ दौड, सुधारणं महाकठीण. मग ते दोन कोण बघणार? कँटरमध्ये तीन ठोके, मग क्षणभर चारही पाय हवेत. चौथा ठोका ऐकू आला की लय मोडली. पण बाजारात कँटर दाखवायला मोकळी जागा तरी कुठंय?

आणि ती रेवाल, मारवाडी घोड्याची गचके न देणारी खास चाल! बसायला झकास, मान्य. पण ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या, परीक्षकाला दुडकीत पायांच्या तिरक्या जोडीचे दोन ठोके लागतात, तिथं रेवाल काय कामाची?

एवढं बोलेपर्यंत गिऱ्हाईक अंगावरचे केसांचे भोवरे मोजत बसलेलं असतं. देवमन, म्हणजे मानेवरचा शुभ मानलेला भोवरा, आहे का, कान टोकाला जुळतात का, यावर तासभर खल. खुरांकडं बघायला कुणी वाकेल तर शपथ. आणि नाचतं म्हणून किंमत वर चढवलेली, ती वेगळीच!